चुन्याच्या रेघेवरचा कोयता

बंदुकीचा विषय निघाला की पुरुषमाणसं खुर्ची पुढे ओढतात. लग्न असो, बारसं असो, सोसायटीची मीटिंग असो, मी निवृत्त पोलीस आहे हे कळलं की प्रश्न ठरलेला. मॅडम, घरात चोर शिरला तर गोळी घालता येते का? मी म्हणते, येते, पण... एवढ्यात माणूस समाधानानं मागे टेकतो आणि शेजारच्याला सांगायला लागतो. ‘पण’च्या पुढचं ऐकायला कुणी थांबत नाही. माझी नोकरी त्या ‘पण’च्या पुढचं लिहिण्यात गेली. ते आज इथे मांडते. ज्यांना मध्येच उठून जायचं असेल त्यांनी खुशाल जावं.

मी खाडीकाठच्या मोरा गावची, कोळ्यांची मुलगी. वडील होडीवर, आई टोपली घेऊन बाजारात. शिपाई म्हणून भरती झाले, खात्याच्या परीक्षा देऊन उपनिरीक्षक झाले, सहायक निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. मधल्या बढत्या-बदल्या सांगत बसत नाही, त्यात मलाही रस नव्हता. सांगायचं ते एवढंच की मध्ये काही वर्षं हत्यार परवान्यांचं टेबल माझ्याकडे होतं, आणि त्यामुळे खाडीकाठच्या कुठल्या घरात कुठल्या कपाटामागे बंदूक आहे हे मला तोंडपाठ होतं.

बाहेरच्यांना वाटतं, या गावांत बंदुका कशाला? एके काळी भातशेती होती, रानडुकरं यायची, म्हणून शेतीसंरक्षणासाठी बारा बोअरच्या दुनळी बंदुका दिल्या गेल्या. मग शेतं बंदरात गेली, कंटेनरच्या यार्डात गेली, बिल्डिंगांखाली गेली. डुकरंही गेली. बंदुका राहिल्या. परवान्याच्या नूतनीकरणाला म्हातारे यायचे, आणि कारणाच्या रकान्यात शेतीसंरक्षणाच्या जागी स्वसंरक्षण लिहिलं जायचं. निवडणूक लागली की सगळ्यांनी बंदुका ठाण्यात जमा करायच्या असतात. हे म्हातारे बंदूक चादरीत गुंडाळून आणायचे, पावती नीट घडी करून खिशात ठेवायचे आणि जाताना पुन्हा एकदा वळून बघायचे. निम्म्या बंदुका उडाल्या असत्या की नाही याची मलाच शंका होती. काडतुसांचं पितळ हिरवं पडलेलं.

नूतनीकरणाला येणाऱ्या प्रत्येकाला मी समोर बसवून विचारायचे, ही कधी झाडणार? उत्तर एकच, चोर आला की. मग मी कायदा सांगायचे. तुमच्या जिवावर किंवा घरातल्या कुणाच्या जिवावर बेतलं असेल, कुणी सुरा, तलवार घेऊन अंगावर आलं असेल, बाईच्या अब्रूवर हात टाकत असेल, घर पेटवत असेल, जबरी चोरी करत असेल, अंधारात घर फोडून आत शिरला असेल, तर कायदा तुमच्या पाठीशी आहे, मग समोरचा मेला तरी. पळून जा, दार लावून बसा, असं कायदा तुम्हाला सांगत नाही. भेदरलेला माणूस मोजूनमापून मारत नाही हेही कोर्टाला कळतं. पण नुसती चोरी असेल, दिवसाढवळ्या असेल आणि तुमच्या जिवाला भीती नसेल, तर जीव घेता येत नाही. पकडा, अडवा, धक्काबुक्की करा, ओरडा. आणि धोका संपला की तुमचा हक्कही संपला. कलमांचे आकडे आता बदललेत, अर्थ बदललेला नाही.

म्हातारे मान हलवायचे आणि सही करायचे. धर्मा घरतनंही केली होती.

धर्माशेठ माझ्या वडिलांच्या वयाचा नव्हे, पण माझ्याहून बराच मोठा. जासईच्या पुढे एका गावात त्याचं घर. गावाचं नाव लिहीत नाही, तिथे त्याची नातवंडं राहतात. एके काळी त्याची मिठागरं आणि भातखाचरं होती. आता दोन मजली बंगला, मागे भाड्याच्या खोल्यांची चाळ, आणि यार्डाकडे जाणाऱ्या ट्रेलरांचा दिवसभर धुरळा. माणूस वाईट नव्हता. गावच्या जत्रेत पालखीपुढे पहिला तो, कुणाच्या मयताला पहिला तो. आवाज मोठा, राग त्याहून मोठा.

त्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला फोन आला की धर्माशेठच्या बंगल्यात चोर शिरला आणि शेठनं त्याला गोळी घातली. मी दोन शिपाई घेऊन पोचले तेव्हा अंगणात शंभर माणसं होती आणि वातावरण मॅच जिंकल्यासारखं होतं. कुणीतरी धर्माशेठला पाणी देत होतं, कुणी पाठीवर थाप मारत होतं. तो ओटीवर बसला होता, बंदूक मांडीवर. मला बघून त्यानं ती स्वतःच पुढे केली.

झालं होतं ते असं. दुपारचं जेवण करून घरातली माणसं आडवी झाली होती. मागचं दार उघडं होतं. एक जण आत आला, न्हाणीतलं तांब्याचं घंगाळ उचललं आणि निघाला. सुनेला भांड्याचा आवाज आला, ती ओरडली. धर्माशेठ उठला, कपाटातून बंदूक काढली, दोन काडतुसं भरली आणि मागच्या गॅलरीत आला. तोवर चोर अंगण ओलांडून कुंपणाच्या पलीकडे, जुन्या मिठागराच्या बांधावर पोचला होता. शेठनं गोळी झाडली. छर्रे पाठीत आणि मानेत बसले. पोरगा बांधावरच गेला.

हे मी आता सलग सांगते आहे. तेव्हा मला ते जमिनीवरून वाचावं लागलं. घंगाळ अंगणात, पेरूच्या झाडाखाली उलटं पडलं होतं. तिथून मृतदेह सदतीस पावलं पुढे. म्हणजे सून ओरडल्याबरोबर त्यानं घंगाळ टाकलं होतं आणि रिकाम्या हातानं पळाला होता. घंगाळावर एकही छर्रा नाही. मी फोटो काढून घेतले, पंच बोलावले, मृतदेह उचलण्याआधी त्याच्याभोवती चुन्याची रेघ मारून घेतली. मग मृतदेह शवविच्छेदनाला पाठवला आणि रस्त्यावर जाऊन साहेबांना फोन केला. पाऊण तास तरी गेला असेल. एक शिपाई ओटीवर धर्माशेठजवळ होता, दुसरा मृतदेहाबरोबर गेला होता. बांधावर कुणी नव्हतं. ती माझी चूक.

परत आले तर बांधावर कोयता.

नारळ सोलायचा कोयता, नुकती धार लावलेला. मृताचा उजवा हात जिथे होता तिथे व्यवस्थित ठेवलेला. बाजूला धर्माशेठचा पुतण्या प्रशांत उभा होता. तिशीतला, यार्डात ट्रेलर लावणारा, पांढरा शर्ट, गळ्यात चेन. तो म्हणाला की मॅडम, हा बघा, चोराच्या हातातला कोयता तुमच्या नजरेतून सुटला. मी वाकून बघितलं. कोयता चुन्याच्या रेघेवर होता. रेघेच्या खाली नव्हे, वर. चुना मोडलेला नव्हता, पात्याखालून सरळ गेला होता. माणूस पडला, मग आम्ही चुना टाकला, मग कोयता आला. एवढं कळायला पोलीस असायची गरज नव्हती.

मी पंचांना परत बोलावलं. पुन्हा फोटो काढला, वेगळा पंचनामा केला आणि त्यात लिहिलं की पहिल्या पंचनाम्याच्या वेळी ही वस्तू इथे नव्हती. पंचांनी सही करायला अर्धा तास लावला. एकानं केलीच नाही. तेही लिहिलं.

मग सुरू झालं. आधी गावची मंडळी आली, समजुतीनं बोलली. मग पक्षाची मंडळी आली, त्यांचं बोलणं कमी समजुतीचं होतं. मग साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. वाईट माणूस नव्हता तोही, दोन वर्षांत बदली होणार होती, त्याला गावात दंगा नको होता. त्याचं म्हणणं एवढंच की पहिला पंचनामा घाईत झाला, एखादी वस्तू राहून जाते, दुरुस्ती करता येते. चोर तो चोरच, बाहेरून आलेला, त्याच्यासाठी गावच्या प्रतिष्ठित माणसाला खुनात अडकवायचं? मी म्हटलं, साहेब, दुरुस्तीचा लेखी आदेश द्या, मी फाईलला लावते. साहेबांनी पाण्याचा ग्लास सरकवला आणि विषय संपला. आदेश आला नाही.

इतकी अडून का बसले, हे मला नंतर कितीतरी जणांनी विचारलं. त्याचं उत्तर मी कधी कुणाला दिलं नाही. आज देते.

नोकरीच्या सुरुवातीला मी ठाण्यात रायटर होते. रायटर म्हणजे साहेब सांगतील ते सुवाच्य अक्षरात लिहिणारा. एका दुकानदारानं चोरीच्या संशयावरून एका मजुराला सळईनं मारलं आणि तो मेला. साहेबांनी सांगितलं, लिही, मयताच्या उजव्या हातात सुरा होता. मी लिहिलं. दुकानदार सुटला. त्या मजुराची बायको नंतर दर महिन्याला ठाण्यात यायची आणि माझ्यासमोर उभी राहायची. तिच्या नवऱ्याची उजव्या हाताची चार बोटं कारखान्यात प्रेसखाली गेली होती. ती मला विचारायची, त्याला पाण्याचा तांब्या धरता येत नव्हता, सुरा कसा धरला? मी खाली मान घालून जावक रजिस्टर लिहीत बसायचे. वर्षभर आली, मग यायची बंद झाली. एक सुरा मी हातानं लिहिला होता. कोयता लिहिणार नव्हते.

धर्माशेठवर खुनाचा गुन्हा नोंदवला. तो खून की त्याहून कमी, हे ठरवायचं काम कोर्टाचं. अटक केली त्या रात्री कोठडीच्या गजाशी येऊन तो स्वतःच मला म्हणाला, “मॅडम, तो पलत व्हता.” पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यात धरत नाहीत, हे मला ठाऊक होतं, त्याला नव्हतं. मी त्याला म्हटलं, हे मला सांगू नका, तुमच्या वकिलाला सांगा. ते मी डायरीतही लिहिलं नाही. माझ्याकडे त्याच्या कबुलीची गरज नसणारा पुरावा होता.

मेलेल्याचं नाव विलास. मराठवाड्यातून आलेला, चोवीस वर्षांचा, यार्डात कंटेनर धुवायचा. चोऱ्या करायचा, याआधीही एकदा पकडला गेला होता. त्याची बहीण संगीता शेजारच्या गावात भाड्याच्या खोलीत राहायची, मृतदेह घ्यायला तीच आली. मला वाटलं रडेल, भांडेल. तिनं शवविच्छेदनाचा कागद माझ्याकडून वाचून घेतला. मग म्हणाली, “चोर होता, मॅडम. मी नाही म्हणत नाही. पण पाठीत?” एवढंच. पाच वर्षं खटला चालला, ती एकाही तारखेला चुकली नाही आणि याहून एक शब्द जास्त बोलली नाही.

या प्रकरणाची किंमत माझ्या घरानं मोजली. माझा भाऊ दामोदर मोऱ्यालाच होडीवर असतो. तो एवढंच म्हणाला, “ताई, तुला बदली मिलंल. आमाला हितंच र्‍हायचंय.” त्याच्या मुलीची हळद त्याच महिन्यात होती. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठी, आजूबाजूची पाच गावं येतात, आगरी-कोळी असा भेद त्या दिवशी कुणी करत नाही. मांडवात चारशे खुर्च्या मांडल्या होत्या. शंभरही भरल्या नाहीत. बेंजोवाले रिकाम्या खुर्च्यांपुढे वाजवत होते आणि माझी भाची हळद लावलेल्या चेहऱ्यानं माझ्याकडे बघतही नव्हती. मी शेवटपर्यंत बसले. पहिल्या रांगेत. नाचलेसुद्धा.

धर्माशेठला काही महिन्यांनी जामीन झाला. अट अशी की दर सोमवारी ठाण्यात हजेरी लावायची. तो यायचा, सही करायचा, माझ्या टेबलाकडे न बघता जायचा. गाव त्याला सोडायला यायचं, घ्यायला यायचं. मला बघून कुणीतरी मुद्दाम ऐकू जाईल असं बोलायचं, चोरांची मावशी. मला बरेच दिवस ते नाव होतं.

मग जवळच्या द्रोणागिरी वसाहतीतलं प्रकरण घडलं.

एका रो-हाऊसमध्ये वनिता नावाची बाई राहायची, पस्तिशीची. नवरा बोटीवर नोकरीला, सात-आठ महिने बाहेर. घरात ती आणि अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले सासरे. सासऱ्यांच्या नावावर जुनी दुनळी बंदूक होती. सकाळी अकराला दोघे जण पार्सल आहे म्हणून दारात आले आणि आत घुसले. एकानं सरळ म्हाताऱ्याच्या गळ्याला सुरा लावला आणि दुसऱ्यानं कपाटं उघडायला सांगितलं. वनिता आतल्या खोलीत गेली, कपाट उघडलं, बंदूक काढली. काडतुसं कुठे असतात आणि कशी भरायची हे नवऱ्यानं दाखवून ठेवलं होतं. ती बाहेर आली तेव्हा सुरेवाल्यानं म्हाताऱ्याच्या गळ्यावर जोर दिला. तिनं चार फुटांवरून गोळी झाडली. तो जागच्या जागी मेला. दुसरा पळाला.

मी गेले तेव्हा ती सासऱ्यांच्या गळ्याला ओला रुमाल धरून बसली होती. बंदूक टेबलावर मोडून ठेवलेली, म्हणजे नळ्या उघडून. उरलेलं काडतूस काढून बाजूला उभं केलेलं. दुसऱ्या नळीत काडतूस होतं, तर दुसऱ्यावर का झाडलं नाही, हे मला विचारावंच लागतं. प्रश्नच कळला नसल्यासारखं तिनं माझ्याकडे बघितलं.

“तो पलाला ना,” ती म्हणाली. “पलनाऱ्याला कनाला मारू?”

पळणाऱ्याला कशाला मारू, हे विचारायला तिनं कायद्याचं पुस्तक उघडलं नव्हतं. मी परवान्याच्या टेबलावर म्हाताऱ्यांना जे वर्षानुवर्षं समजावत होते, ते या बाईला मेलेला माणूस पायाशी असतानाही कळत होतं.

या वेळी दबाव उलटा आला. मेलेला माणूस एका पुढाऱ्याच्या मागे-पुढे करणारा निघाला. फोन आले की तो ओळखीचा होता, बोलायला गेला होता, बाईच भडक डोक्याची आहे, तिला आत घ्या. सुरा पलंगाखाली गेला होता, तो सापडला नाही असं झालं तर कुणाचं काय बिघडणार होतं, असंही एकानं सुचवलं. मी त्याला म्हटलं, माझ्याबद्दल गावात चौकशी करा, मग पुन्हा फोन करा. त्यानं चौकशी केली असावी, कारण फोन पुन्हा आला नाही.

वनिताला मी अटक केली नाही. घरीच, महिला शिपायाला बसवून जबाब घेतला. म्हाताऱ्याच्या गळ्यावरची जखम डॉक्टरकडून लिहून घेतली. परवाना सासऱ्यांच्या नावावर असताना तिनं बंदूक वापरली, हेही लपवलं नाही, कारण परवाना बंदुकीला नसतो, माणसाला असतो. पण त्या क्षणी दुसरा मार्ग नव्हता हे त्याच्याच खाली लिहिलं. वर्षभरानं कोर्टानं माझा अहवाल मान्य केला आणि तिच्यावर खटला चाललाच नाही.

पण त्याआधीचा एक सोमवार सांगते. वनिता सुरा ओळखायला ठाण्यात आली होती आणि धर्माशेठ हजेरीला. ती गेल्यावर तो पहिल्यांदा माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. त्यानं सगळं ऐकलेलं होतं, तालुक्यात दुसरी चर्चा नव्हती.

“तिला सोरलीत,” तो म्हणाला, “मना आत टाकलात. तिनं पन मारला, मी पन मारला.”

मी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. मग मी त्याला सांगितलं की वनिताच्या बंदुकीत आणखी एक काडतूस होतं, आणि ते तिनं का झाडलं नाही. तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. तो हजेरीच्या रजिस्टरकडे वळला. सही करून गेला. जाताना दारात चप्पल घालायला त्याला बराच वेळ लागला.

खटला उभा राहिला तेव्हा त्याच्या वकिलांनी माझी दीड दिवस उलटतपासणी घेतली. हुशार माणूस. त्यांनी मला विचारलं की घटनेआधीच्या वर्षात माझ्या अशिलानं चोरीचे किती अर्ज ठाण्यात दिले होते? मी सांगितलं, दोन. दोन्ही वेळा पाण्याची मोटर गेली होती. त्यावर पोलिसांनी काय केलं? मी म्हटलं, काही नाही. अर्ज घेतला आणि ठेवला. घटनास्थळी गेलात? नाही. सरकारी वकील माझ्याकडे डोळे वटारून बघत होते. पण खरं होतं ते. कोयता नव्हता हे जसं खरं होतं तसंच हेही. धर्मा घरतनं त्या दुपारी चोवीस वर्षांच्या एका पोरावर झाडलेल्या गोळीत आमच्या ठाण्याचा आळस भरलेला होता, हे मी आजही मानते. त्यानं त्याचा गुन्हा कमी होत नाही. आमचा मात्र दिसतो.

कोयत्याबद्दल विचारलं तेव्हा मी दोन्ही फोटो दाखवले. वकील म्हणाले, चुना वाऱ्यानं सरकला असेल. कोर्टात दोघे-चौघे हसले. न्यायाधीश हसले नाहीत.

साक्षी संपल्या की न्यायाधीश आरोपीला स्वतः प्रश्न विचारतात. शपथ नसते, उत्तर द्यायची सक्ती नसते. वकिलांनी शिकवलेलं असतं, बहुतेक आरोपी ‘माहीत नाही’ आणि ‘खोटं आहे’ एवढंच म्हणतात. धर्माशेठला विचारलं गेलं की मयत हातात कोयता घेऊन तुमच्या अंगावर आला असं तुमचं म्हणणं आहे का? तो कठड्याला धरून उभा होता. मागे सगळं गाव बसलं होतं. एका टोकाला संगीता होती.

“कोयता नव्हता, साहेब,” तो म्हणाला. “तो पलत व्हता. घंगाल टाकून दिलेला त्यानं. मना दिसलेला. मना राग आलेला.”

त्याच्या वकिलांनी पेन टेबलावर ठेवलं.

निकाल लागला. कोर्टानं खून धरला नाही. झोपेतून उठून घरात चोर बघितलेल्या माणसाचा अचानक भडका, असं मानून सदोष मनुष्यवध धरला. सात वर्षं. बंदूक सरकारजमा. शिक्षा ऐकून घरतीण, त्याची बायको, खाली बसली, तिला सुनेनं धरलं. मी बाहेर व्हरांड्यात आले तर प्रशांत आडवा आला. लोक जमले. तो म्हणाला की मॅडम, समाधान झालं ना, म्हाताऱ्याला जेलात मरायला पाठवलंत. आणखीही बरंच म्हणाला, ते छापण्यासारखं नाही. मी थांबून ऐकत होते. पोलीस धर्माशेठला तिथूनच घेऊन चालले होते. तो थांबला, आणि दोन्ही हातांना धरलेल्या शिपायांनाही थांबावं लागलं.

“तिला कनाला बोलतंस?” तो पुतण्याला म्हणाला. “कोयता तू आनलास.”

हे त्यानं सगळ्यांसमोर, नेहमीच्या मोठ्या आवाजात सांगितलं. प्रशांत बाजूला झाला. व्हॅनचं दार लागलं.

खोटा पुरावा केल्याबद्दल प्रशांतवर वेगळी कारवाई झाली. ती अजून चालू आहे, म्हणून त्यावर लिहीत नाही. धर्माशेठ चांगल्या वागणुकीची सूट मिळून बाहेर आला, आता घरीच असतो. गाव माझ्याशी अजून बोलत नाही. भाची बोलते, तिच्या मुलाच्या बारशाला मला बोलावलं होतं.

निकालानंतर माझी दोन वर्षं नोकरी उरली होती. त्या दोन वर्षांत आमच्या ठाण्यात मोटर, सायकल, गॅस सिलिंडर, काहीही चोरीला गेल्याचा अर्ज आला की मी तासाभरात त्या दारात असायचे. सहकारी हसायचे. नवे आलेले साहेब म्हणाले की सहायक निरीक्षकानं सायकलीच्या चोरीला जायचं का? मी म्हटलं, हो, जायचं. आणि गेले. एका म्हातारीच्या कोंबड्या गेल्या होत्या, तिचाही पंचनामा केला. ती इतकी चकित झाली की तिनं मला बसवून चहा दिला आणि विचारलं, “पोरी, तुला कोनी पाठवलाय?”

मी म्हटलं, कुणी नाही. माझी मीच आले.